खानापूरच्या बोअरच्या पाण्यात सिरियम इतकं कमी का?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी आमच्या शेतातल्या बोअरचं पाणी तपासून आणलं. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी लँथनम, निओडिमियम ठीक दिसतात. त्यांच्या मधलं सिरियम मात्र खड्ड्यात. बाटली मीच भरलेली, चुकलं कुठं ओ?

उत्तर १: चुकलं नाही की. बाकीची भावंडं +३ या विद्युतभारावरच राहतात. सिरियम ऑक्सिजन मिळाला की +४ होतं, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडला चिकटून मातीतच बसतं. पीएच किती?

प्रश्नकर्ता: ७.४. गाळायला आईची चहाची गाळणी!

उत्तर १: अरे देवा! ०.४५ मायक्रॉनची लाव, मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आण. सिरियम आणखी घसरेल बघ, आता त्यात मातीच्या कणांना चिकटलेलं सिरियमही मोजलं गेलंय.

उत्तर २: पीएच ७.४ ला याच कुटुंबातलं सगळ्यात जड ल्युटेशियमही बघ. पाण्यातलं कार्बोनेट अशा जड मंडळींना जास्त घट्ट धरतं, पाण्यात टिकवतं.