'बिनापब्लिकची मॅच'ले शुद्ध मराठीत काय म्हणावं?

पऱ्हाटीवाला (यवतमाळकडचा):

राम राम मंडळी. आमच्या क्रीडा मंडळाची स्मरणिका निघून राहिली, त्यात मले दोन पानं लिहाची आहेत कोरोनातल्या खेळावर. म्हणजे इकडे आपले रात्रकालीन कबड्डी सामने बंद, ग्राउंडवर गाजरगवत वाढलं, अन तिकडे २०२० च्या सप्टेंबरपासून दुबई, अबूधाबी, शारजात आयपीएल सुरू, स्टँडमध्ये चिटपाखरू नाही. आता या प्रकाराले शब्द काय वापरावा? पेपरात तवा तीनचार येत होते. प्रेक्षकविरहित सामना, प्रेक्षकांविना सामना, रिकाम्या मैदानात सामना, अन एका जागी तर 'बंद दाराआड सामना' वाचलं मी. हा शेवटचा मले बिलकुल पटला नाही, बंद दाराआड आपल्याकडे बैठक होते नाहीतर सभापतीपदाचा सौदा होते, मॅच कशी होईल? वरून आभाळ उघडं अन टीव्हीवर आख्खी दुनिया पाहून राहिली. 'रिकामं मैदान'ही चूकच, मैदानात तर बावीसपैकी तेरा जण उभे असतेच, रिकाम्या तर खुर्च्या होत्या. गावात आम्ही सरळ 'बिनापब्लिकची मॅच' म्हणत होतो पण अध्यक्षसाहेब म्हणते शुद्ध शब्द टाक. सुचवा.

गुर्जी:

'प्रेक्षकविरहित' व्याकरणाने बरोबर आहे. काहींना वाटतं नुसतं 'रहित' पुरे, 'वि' कशाला जोडायचा, पण विरह आणि विरहित एकाच धातूचे, त्यामुळे ताटातुटीची एक छटा त्यात आपोआप येते आणि इथे ती शोभते. 'प्रेक्षकशून्य' मात्र नको, तो शब्द पडलेल्या नाटकासाठी वापरतात. बोलायला सगळ्यात सोपा 'प्रेक्षकांविना'. अध्यक्षांना तोच दे आणि मोकळा हो.

पऱ्हाटीवाला:

गुर्जी, तेच तर अडून राहिलं. प्रेक्षक म्हणजे पाहणारा ना? मग आयपीएल प्रेक्षकांविना कशी झाली? साडेसातले मॅच सुरू व्हायची, दिवसभर सोयाबीन सोंगून आलेले पोट्टे एकाच्या मोबाईलवर सहा जण माना घालून बसायचे, रेंज गेली की एक जण मोबाईल घेऊन स्लॅबवर चढायचा अन बाकीचे खालून विचारायचे आउट झाला का रे. हे प्रेक्षक नाही तर कोन? प्रेक्षक तर कोटींनी होते. नव्हती ते पब्लिक.

झाडीची पोर (गडचिरोली):

बरोबर बोलले दादा. आमच्याकडे नाटकवाले हा फरक रोज करतात. झाडीपट्टीच्या नाटकात 'प्रेक्षक' फक्त पाम्प्लेटवर असतो, 'रसिक प्रेक्षकांनी लाभ घ्यावा' वगैरे, पण पडद्यामागे सगळे पब्लिकच म्हणतात. पब्लिक कशी आहे? पब्लिक गरम आहे, पब्लिक उठून राहिली, पब्लिकने गाणं पुन्हा मागितलं. म्हणजे प्रेक्षक पाहते अन पब्लिक काहीतरी करते. रात्रभर चालणारं नाटक, तीन वाजता थंडीत नट झोपेला आलेला असतो, तवा मागून एक शिट्टी आली की गडी पुन्हा उभा राहते. २०२० च्या दिवाळीनंतर मंडई (गावच्या जत्रा) नाही भरल्या की नाटकं नाही झाली, वडशाच्या नाटक कंपन्यांचे लोक धान कापायला गेले. मोबाईलसमोर नाटक करून पाहा म्हटलं कोणीतरी, तर एक नट म्हणाला, कॅमेऱ्यासमोर डायलॉग टाकला की तो परतच येत नाही.

खेळाडूचंही तसंच असणार. शब्द काढायचा तर 'पब्लिक' सोडून नका काढू.

जामठ्याजवळचा:

थोडं लांबवतो, कारण इथे सगळे एकाच प्रकारच्या रिकामेपणाबद्दल बोलून राहिले अन माझ्या मते ते तीन आहेत.

पहिला, पब्लिक आलीच नाही. नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियममध्ये ४५ हजार लोक बसतात अन तिथेच २०१९ च्या फेब्रुवारीत विदर्भाने सौराष्ट्राला हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी जिंकली. आता रणजीला गर्दी किती असते हे सगळ्यांना माहीत आहे, फाटक उघडं अन तिकीट फुकट असलं तरी. त्याला 'ओस' म्हणा. रणजी खेळणाऱ्या पोरांना कोरोनाने नवीन काही दाखवलं नाही, त्यांची अर्धी जिंदगी खुर्च्यांसमोरच गेली. त्यांचं दुखणं वेगळंच होतं, २०२०-२१ ची रणजीच झाली नाही, ८७ वर्षांत पहिल्यांदा, अन मॅच फी गेली.

दुसरा, पब्लिक आली होती अन हाकलून दिली. १९९९ मध्ये ईडन गार्डनवर पाकिस्तानविरुद्ध टेस्ट, सचिन शोएब अख्तरला धडकून रनआउट झाला, कलकत्त्यात बाटल्या उडाल्या, शेवटच्या दिवशी पोलिसांनी स्टेडियम रिकामं केलं अन उरलेल्या विकेटा खुर्च्यांसमोर पडल्या. याला 'ओस' कसं म्हणाल? हे 'रिकामं केलेलं'.

तिसरा कोरोनावाला, पब्लिकला यायचं होतं पण सोडलं नाही. राजकोटला ९ ते १३ मार्च २०२० रणजी फायनल झाली, सौराष्ट्र विरुद्ध बंगाल, चार दिवस लोक होते, पाचव्या दिवशी फाटक बंद. सौराष्ट्र पहिल्यांदा रणजी जिंकलं अन ते पाहायला त्यांचेच लोक आत नाहीत. बरं त्याच १३ मार्चला सिडनीत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड वनडे झाली, तिथे सिक्स गेला की न्यूझीलंडचे फिल्डर स्वतः स्टँडमध्ये चढून खुर्च्यांखाली बॉल शोधत होते. अगदी आपल्याकडे तुरीच्या वावरात बॉल गेल्यावर टीम शोधते तसं.

'प्रेक्षकांविना' म्हटलं की तिन्ही एकाच पोत्यात जातात. तिसऱ्याला नेमका शब्द पाहिजे असेल तर त्यात मनाई दिसली पाहिजे. म्हणून माझा शब्द 'पब्लिकबंदी'. गावबंदी होती ना तेव्हा, रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून, त्याच घरातला शब्द. अध्यक्षांना पब्लिक नको असेल तर 'प्रेक्षकबंदी' करा.

वर्धेकर:

बंदीचं आम्हाले नका सांगू भाऊ, आमच्या जिल्ह्यात किती वर्षांची दारूबंदी आहे अन कोनाले कमी पडली ते सांगा. 'बंदी' लावली की मराठी माणूस मागचं दार शोधतेच. २०२१ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ गहुंजेले इंग्लंडसोबत तीन वनडे झाल्या, पब्लिकबंदी होती, तर लोक बाजूच्या टेकडीवर चढून मॅच पाहत होते, फोटो आले होते पेपरात. म्हणजे शब्द एकदम फिट आहे, माझं अनुमोदन.

गुर्जी:

'पब्लिकबंदी' चांगला आहे, मान्य. पण तो नियमाचा शब्द झाला, सामन्याचा नाही. 'पब्लिकबंदी लागली' म्हणता येईल, 'पब्लिकबंदी सामना' म्हणताना जीभ अडखळते. 'पब्लिकबंदीतला सामना' चालेल. पऱ्हाटीवाले, तो सामना ऐकायला कसा होता यावर शब्द काढता आला तर बघा. जर्मन लोक अशा सामन्याला 'गाइस्टरश्पील' म्हणतात, भुतांचा सामना. त्यांची फुटबॉल लीग १६ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली, मोठ्या लीगमध्ये सगळ्यात आधी, आणि हा शब्द त्यांच्याकडे कोरोनाच्या आधीपासून तयार होता कारण दंगा केला म्हणून प्रेक्षकांना बाहेर ठेवायची शिक्षा तिकडे जुनी आहे. मी 'मुका सामना' सुचवतो.

पऱ्हाटीवाला:

गुर्जी, 'मुका सामना' स्मरणिकेत छापला तर पोट्टे वर्षभर हसतीन. मुका घेतला की दिला विचारतीन.

अन तो मुका तरी कुठं होता? उलट पहिल्यांदा खेळाडू काय बोलते ते ऐकू आलं. स्टंप माइकवर कीपरची बडबड, कॅप्टनच्या शिव्या, बॅटचा टक् असा आवाज. दोनतीन मॅचेस तसंच ऐकावं वाटलं, पण टीव्हीवाल्यांनी वरून रेकॉर्ड केलेला गोंगाट चढवला. सिक्स गेला की हल्ला, विकेट पडली की हल्ला, अन खुर्च्या पाहा तर निळ्या निळ्या रिकाम्या. माझी आजी विचारे, हे लोक कुठं लपून ओरडून राहिले? तिले शेवटपर्यंत पटलं नाही की आवाज खोटा आहे.

झाडीची पोर:

त्या आवाजाला 'उसना गोंगाट' म्हणा. जर्मनीतल्या ग्लाडबाख फुटबॉल क्लबवाल्यांनी तर स्टँडमध्ये लोकांचे पुठ्ठ्याचे फोटो उभे केले होते, अन लोकांनी पैसे देऊन स्वतःचा पुठ्ठा बसवून घेतला. आपल्याकडे सभेला माणसं पैसे घेऊन बसतात, तिकडे पैसे देऊन पुठ्ठे बसले. 😄

पटाचा शौकीन:

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बिनापब्लिकचा होऊच शकत नाही. जोडी धुरकऱ्याच्या हाताने धावते अन पब्लिकच्या आवाजाने उडते. एवढंच सांगतो.

जामठ्याजवळचा:

शौकीन भाऊंचं हसण्यावारी नेऊ नका, माणसांतही हेच दिसलं. त्याच जर्मन लीगमध्ये पब्लिक नसताना घरच्या टीमचं जिंकणं कमी झालं. युरोपातल्या बऱ्याच लीग तपासल्या लोकांनी, त्यात अजून एक निघालं, रेफ्री पाहुण्या टीमला आधीपेक्षा कमी पिवळी कार्डं दाखवत होते. म्हणजे पब्लिकचा दबाव शिट्टी हातात असलेल्यावरही होता. गावच्या कबड्डीत पंच काहून बाहेरगावचा आणतात, याचं उत्तर मिळालं.

वर्धेकर:

आता 'बायो-बबल'चं पण करून टाका, टीमले बाहेरच्यांपासून तोडून एका जागी ठेवत ना, त्याचं. 'जैवसुरक्षित बुडबुडा' वाचलं की मले साबणाचा फेस आठवते.

गुर्जी:

जुना शब्द आहे, सोवळं. सोवळ्यातला माणूस कोणाला शिवत नाही, कोणी त्याला शिवत नाही. अर्थाने तंतोतंत.

झाडीची पोर:

नको गुर्जी. अर्थाने बसत असेल पण त्या शब्दाला दुसरा वास आहे अन तो कोणाकोणाच्या आजोबांनी भोगलेला आहे. खेळाच्या पानावर नको.

गुर्जी:

खरं आहे, राहू द्या.

पऱ्हाटीवाला:

आमच्या गावात त्याले 'शाळेत टाकलं' म्हणत. मुंबई-पुण्याहून, सुरतहून पायी आलेले लोक १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवत होते ना, बेंचावर पथारी अन घरून डबा फाटकापर्यंत. तर प्रो कबड्डीचा आठवा सीझन आला, डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२, सगळ्या टीम बंगळुरूत एकाच जागी कोंडलेल्या, पब्लिक नाही, तवा पोट्टे म्हणत सगळ्यायले शाळेत टाकलं. फायनल दिल्लीने पाटण्याकडून एका पॉइंटने जिंकली, ३७-३६, अन अशा मॅचले मॅटवर नाचायला एक माणूस बाहेरून नाही. पण स्मरणिकेत 'शाळेत टाकलं' कोणाले कळणार नाही, म्हणून 'बायो-बबल'च ठेवतो, सगळ्यायले माहीत आहे.

तर शीर्षकात 'पब्लिकबंदीतले सामने', आत 'बिनापब्लिकची मॅच', अन अध्यक्षांच्या मनोगतात त्यायचं 'प्रेक्षकविरहित' त्यायले लिहू देतो. एक राहिलं, पब्लिक 'आली' की 'आलं'? प्रूफ पाहणारा पुण्याचा आहे, त्याने सगळीकडे 'पब्लिक आलं' करून ठेवलं.

गुर्जी:

दोन्ही चालतात. आपल्याकडे आली, तिकडे आलं. फक्त एका पानावर एकच ठेव आणि त्याला फोन करून आधीच सांग, नाहीतर दुसऱ्या प्रूफात तो पुन्हा बदलेल.