वारंवार होणारा लघवीचा संसर्ग: दर वेळी अँटिबायोटिकच का?

रानजाई (धागा सुरू करताना):
वर्षभरात चार वेळा संसर्ग, चार वेळा गोळ्यांचा कोर्स. चौथ्या वेळचा कल्चर रिपोर्ट (लघवीतल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं ते सांगणारा) उघडला तर औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत 'रेझिस्टंट', 'रेझिस्टंट', म्हणजे चालत नाही. 'सेन्सिटिव्ह' फक्त तीन ओळींत, त्यातली दोन इंजेक्शनं. रात्रीतून सात-आठदा उठायचं आणि दोन थेंबांसाठी दात आवळून बसायचं, हे जिला झालंय तिलाच कळेल.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. मग पुन्हा होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने रोज कमी डोसचं अँटिबायोटिक सुरू होतं. माझं म्हणणं, ते शेवटी यावं, सुरुवातीला नाही. मेथेनामाइन हे जुनं औषध आहे. आम्लधर्मी लघवीत त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात. ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०२२) ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. मग ते आधी का सुचवत नाहीत?

कातळ:
अजिबात पटलं नाही. 'पर्याय' या शब्दाच्या नादाने मी हॉस्पिटल गाठलंय. जळजळ सुरू झाली तेव्हा डॉक्टरकडे न जाता आठ दिवस डी-मॅनोज नावाच्या साखरेची पावडर घेत राहिले. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, बरगड्यांखाली पाठीत हात लावू देईना अशी कळ. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक.

ई. कोलाय हा जंतू आपल्या केसांसारख्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोजला चिकटतो, म्हणून तीच साखर लघवीत सोडली की तो तिला धरून वाहून जाईल, ही कल्पना ऐकायला छान आहे. पण ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज २ ग्रॅम देऊन पाहिलं (निष्कर्ष २०२४चे). पावडर घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, नुसती दुसरी साखर घेणाऱ्यांपैकी जवळपास ५६ टक्क्यांना. म्हणजे फरक धरण्याजोगा नाहीच.

आणि मेथेनामाइनचे आकडेही पूर्ण द्या. वर्षाला माणशी १.३८ संसर्ग, अँटिबायोटिकवर ०.८९.

रानजाई:
तुम्ही जे सोसलंत ते वाचून वाईट वाटलं. डी-मॅनोजचं मान्य. ताप, पाठीत कळ, उलट्या असतील तर एक दिवसही थांबू नये, यावर आपलं दुमत नाही. मी बोलतेय ते दोन संसर्गांमधल्या काळाबद्दल. मेथेनामाइनच्या चाचणीत वर्षाला एका संसर्गापर्यंतचा फरक चालेल, ही मर्यादा रुग्णांशी बोलूनच ठरवली होती. अर्ध्या संसर्गाच्या फरकासाठी वर्षभर रोज अँटिबायोटिक घ्यायला माझी तयारी नाही.

माजघर:
तुम्ही दोघी तरुण दिसता. पाळी गेल्यावरचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीतले चांगले जंतू कमी होतात आणि ई. कोलायचं फावतं. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम १९९३च्या चाचणीत वापरलं, तेव्हा वर्षाला माणशी ५.९ संसर्गांच्या जागी ०.५ झाले. मला हे सहा वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि संकोचाने मीही विचारलं नाही. सहा वर्षं!

कातळ:
माजघर, याला माझा विरोध नाही. हे मोजून पाहिलेलं आहे. पाण्याचंही तसंच. कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी ज्यांनी रोज दीड लिटर जास्त प्यायलं, त्यांचे वर्षाचे संसर्ग ३.२ऐवजी १.७ झाले. क्रॅनबेरीनेही काहींचे संसर्ग कमी होतात, पण झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. माझा राग आहे तो हे सगळं एकाच पिशवीत भरून 'नैसर्गिक' म्हणून विकण्यावर. आणि रानजाई, रोजच्या अँटिबायोटिकला सरसकट शेवटी ढकलणंही मला मान्य नाही. किडनीपर्यंत एकदा गेलेल्या बाईला अर्धा संसर्गही जास्तच वाटतो.

रानजाई:
तुमच्या जागी मलाही वाटला असता. माझ्या रिपोर्टमध्ये तोंडाने घ्यायचं एकच औषध उरलंय, ते मला खऱ्या दुखण्यासाठी राखून ठेवायचंय. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय, मेथेनामाइनचं विचारणार आहे. आणि आईसाठी त्या क्रीमचंही.