बोटीवरचा सबवूफर: पेटी आणि वायरिंगचे आपले अनुभव लिहा

माझ्या २२ फुटी फायबर बोटीवर दहा इंची सबवूफर (फक्त खालच्या, घुमणाऱ्या स्वरांचा स्पीकर) बसवायचा आहे. गाडीसाठीची माहिती मुबलक मिळते. परंतु खाऱ्या हवेत ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी आपल्या चुकांसह सविस्तर लिहावे, ही विनंती.

मालवणहून
माझी पहिली पेटी एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या फळीची) होती आणि एकाच हंगामात तिच्या कडा भिजवलेल्या पोह्यांसारख्या फुगल्या. दुसरी मी १८ मिलिमीटरच्या, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्का असलेल्या मरीन प्लायची केली. आतून ३४ × ३४ × २२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २५ लिटर. त्यातली थोडी जागा स्पीकरचा मागचा भागच खातो, हे हिशेबात धरावे. सांधे इपॉक्सीने चिकटवले, आतबाहेर इपॉक्सीचे तीन हात दिले आणि बाहेरून फायबरचे कापड चढवले. स्पीकरसाठी कापलेल्या गोलाची कड मात्र कोरीच राहिली होती, आणि पाणी नेमके तिथूनच शिरले. प्लायची कापलेली कड पाणी पिते, म्हणून स्क्रूच्या छिद्रांतही इपॉक्सी सोडावे. पोर्टची, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली पेटी जास्त घुमते हे खरे, पण उडणारे पाणी त्याच भोकातून आत जाते, म्हणून मी बंद पेटीच पसंत केली. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे वापरले.

पणजीहून
माझे काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनने केले आणि सवयीने निगेटिव्ह तार जवळच्या बोल्टला जोडली. गाडीत धातूचा सांगाडाच निगेटिव्हचे काम करतो, पण फायबरच्या बोटीला तसा अर्थ कुठला? निगेटिव्ह बॅटरीपर्यंत परत न्यावीच लागते, त्यामुळे सहा मीटरचे अंतर तारेच्या हिशेबात बारा मीटर होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३० अँपियरला सुमारे दीड व्होल्ट वाटेतच जात होता आणि प्रत्येक ठोक्याला दिवे मंदावत होते. आता १६ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली तार आहे. साधे तांबे इन्सुलेशनखाली काळे पडते. ४० अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत आहे. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी ठेवली आहे. हे शहाणपण एकदा खाडीत अडकल्यावर सुचले.

मांडव्याहून
सुकाणूजवळच्या आसनाखाली पेटी ठेवली आणि स्पीकरच्या चुंबकाने होकायंत्र भलतीच दिशा दाखवू लागले. पेटी मागे नेली.

रत्नागिरीहून
माझ्या सबवूफरमधल्या ४ ओमच्या दोन कॉइल मी समांतर जोडल्या, म्हणजे २ ओम झाले. माझा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओमच्या खाली चालत नसल्याने तापून बंद पडत असे. एकसर (एकीपुढे दुसरी, सिरीजमध्ये) जोडून ८ ओमवर आवाज कमी मिळतो, पण तो दिवसभर चालतो. धागाकर्त्यांना एक विचारतो: आपले इंजिन पेट्रोलचे आहे का? असेल, तर टाकी किंवा इंजिनच्या बंद कप्प्यात साधा अ‍ॅम्प्लिफायर मुळीच बसवू नये, कारण तिथे साठणाऱ्या वाफेला एक ठिणगी पुरते.