लाकडात कोरलेला संत पुन्हा कागदावर कशाला?

बाळीवेसकर: वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं एक जलरंगातलं चित्र नेटवर बघितलं. न्यू मेक्सिकोतली लाकडी संतमूर्ती, तिकडं 'बुल्तो' म्हणतात. कॉटनवुडच्या मुळात कोरायची, वर जिप्सम-सरसाचा लेप, मग रंग. चित्रात लाकडाचा तडा, नाकावरचा उडालेला रंग, सगळं जसंच्या तसं. हात कसबी, मान्य. पण ही नक्कलच की! फोटो काढला की काम झालं.

सातरस्ता: कधीचं चित्र आहे बघितलं का? मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकन सरकारनं १९३५ ला 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'चं, म्हणजे तिकडच्या जुन्या वस्तू हुबेहूब चितारून ठेवायचं काम दिलं, त्यातलं ते. अशी १८ हजारांच्या आसपास चित्रं झाली. तेव्हा रंगीत फोटो महाग, वर रंग टिकायचा भरवसा नाही. पातळ रंगाचा एकेक थर वाळवत लाकूड 'दिसेपर्यंत' बसायचं. करून बघा एकदा.

बाळीवेसकर: मेहनतीबद्दल वाद नाही. चितारणाऱ्याचं नाव नोंदलेलं, कोरणाऱ्याच्या जागी बऱ्याचदा 'अज्ञात'. ते खुपतं. आणि मूर्तीला पाठ असते, वजन असतं. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्याला नंदीध्वजाचं चित्र दाखवा, हसेल.

ग्राफवाला: नावाचा मुद्दा पटला. नकलेचा नाही. आमचे वडील जॅकार्डच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या चादरीचे ग्राफ रंगवायचे. एक चौकोन चुकला की कार्डाला भोक चुकीच्या जागी, आणि तीच चूक प्रत्येक चादरीत. मोर बहुतेक वेळा जुन्याच चादरीवरून उचललेला. त्यांना नक्कल म्हणाला असतात तर चहा मिळाला नसता. त्या इंडेक्सचाही हेतू तोच होता, नव्या डिझाइनवाल्यांना जुने नमुने हाताशी असावेत.

बाळीवेसकर: मग नमुना म्हणा, वाद मिटला. ग्राफवरच्या मोराला कुणी हात जोडत नव्हतं. संताला जोडतात. कागदावर आला की तो नुसता बघायचा होतो.

नवीपेठ: कोण म्हणतं? पंढरपूर इथून दीड तासावर, तरी आमची आजी रोज कॅलेंडरवरच्या विठोबालाच बुक्का लावते. कपाळाचा कागद काळा होऊन फाटायला आलाय. नवं कॅलेंडर आणलं, तर म्हणाली, "तो नको, हाच ओळखीचा आहे."

बाळीवेसकर: आजीपुढं काय बोलणार! पण वॉशिंग्टनच्या त्या चित्राला कुणी बुक्का लावलाय का?

सातरस्ता: तू लावून बघ की बे. वॉचमन बाहेर काढतो का हात जोडतो, कळव.