काळ्या मातीत लॉन: पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. काय करू?

रानजाई (परभणी):
घरासमोर 20 बाय 30 फूट जागा आहे, पक्की काळी माती. बाबांना सकाळी अनवाणी चालायला हिरवळ हवी म्हणून मागच्या जूनमध्ये मेक्सिकन लॉनच्या लाद्या लावल्या. नर्सरीवाल्यांनी सांगितलं म्हणून खाली दोन इंच लाल माती पसरली. ऑगस्टभर नुसती पचपच. मग कोवळी पानं पिवळी पडली. आता मे महिन्यात अशा भेगा आहेत की हात मनगटापर्यंत आत जातो, रोज पाणी देऊनही. कोणी वाळू मिसळा म्हणतं, कोणी जिप्सम. बाबा ओट्यावर बसून बघत राहतात, फार वाईट वाटतं.

वाफसा (सोलापूर):
ताई, वाळू नका टाकू. थोडी वाळू काळ्या मातीत मिसळली की वाळल्यावर विटेसारखी होते. मी शाळेपुढची हिरवळ 11 वर्षं सांभाळली, पहिल्याच वर्षी ही चूक केली आणि सगळं उकरावं लागलं.

लाल मातीचा थर हेही दुखणंच. पाणी त्यातून भरकन उतरतं आणि खालच्या काळ्या मातीवर साचतं, मुळं तिथेच थबकतात. आपली माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. तो तिचा स्वभाव, बदलत नाही. तिला भुसभुशीत ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

पूर्ण कुजलेलं शेणखत आणा. तुमच्या जागेवर दोन इंच थर म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास. लाल मातीसकट कुदळीने सहा-आठ इंच खोल मिसळा, पण वाफशावरच. मूठभर माती दाबून गोळा करा, अंगठ्याने टोकरल्यावर फुटला तर कामाला लागा. चिकटला, चकाकला तर थांबा. ओली काळी माती तुडवली की वर्षभर सुधरत नाही. त्याच वेळी घराकडून रस्त्याकडे 30 फुटांत अर्धा फूट उतार काढा. पचपच त्यानेच जाईल.

आणि मेक्सिकनचा हट्ट सोडा. हरळी लावा! शेतकरी जिला खणून खणून थकतो ती काळ्या मातीतच खरी रमते. पहिला पाऊस मुरला की बोटभर तुकडे चार-चार इंचांवर खोचा.

माळरान (लातूर):
पिवळेपणा बहुधा केवडा आहे, म्हणजे लोह कमी पडल्याने पानं पिवळी होणं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर नक्की. मातीत चुनखडी असली की लोह असूनही मुळांना मिळत नाही, पाणी साचलं की आणखी वाढतं. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. जिप्सम चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीला लागतं, उगाच खर्च नको. परभणीत कृषी विद्यापीठच आहे, आधी माती तपासून घ्या.

रानजाई:
शिरा हिरव्याच आहेत! जूनपर्यंत भेगांचं काय करू? आणि लाल मातीतून लव्हाळाही आलाय.

वाफसा:
भेगांत चाळलेलं शेणखत भरा. रोज थोडं पाणी देऊ नका, ते भेगेतून खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. चार-पाच दिवसांनी द्या, पण दोन खेपांत: आधी वरची माती भिजू द्या, अर्ध्या तासाने पुन्हा सावकाश.

लव्हाळा उपटू नका, वरचा तुटतो आणि खालच्या गाठी फुटतात. खणताना काळ्या गाठी हाताने वेचा. कंटाळवाणं काम आहे, पण बाबांना खुर्ची टाकून शेजारी बसवा, त्यांचा हात लागेल. हरळी सहा-सात आठवड्यांत अंग धरते. गणपतीपर्यंत त्यांना चालू देऊ नका, त्यानंतर सकाळी पाय कोरडे ठेवण्याइतका वाफसा दिसला की खुशाल.