कमी पैशात मिड-इंजिन ऑटोक्रॉस गाडी: चासी स्वतः बनवू की तयार जुनी गाडी शोधू?

चौकोनी_पाइप

नमस्कार मंडळी. ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या जागेत प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून आखलेल्या वाटेवर वेळ लावून धावायची स्पर्धा) मिड-इंजिन, म्हणजे इंजिन सीट आणि मागच्या चाकांच्या मध्ये असलेली गाडी स्वतः बनवायचं ठरवतोय. पैसे खरंच कमी आहेत, पण वेळ आहे, मिग वेल्डिंग चांगलं येतं आणि मित्राकडे लेथ आहे. एक जुनी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक हाताशी आहे, १.६ लिटर ट्विन कॅम, इंजिन ठणठणीत पण बॉडीचा तळ पूर्ण गंजलाय. प्लॅन असा की इंजिन-गिअरबॉक्स उचलून सीटच्या मागे टाकायचं, २५ मिमी चौकोनी पाइपची स्पेसफ्रेम (पाइप जोडून केलेला सांगाडा) करायची, आणि चारही कोपऱ्यांना स्वतः डिझाइन केलेले डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी आर्म). गाडी ड्रायव्हरसकट ७०० किलोच्या आत बसली तर खूप झालं. आता प्रश्न असा की मागच्या सस्पेन्शनवर एवढी मेहनत खरंच लागते का, की हॅचबॅकचं पुढचं सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आहे तसं मागे लावून चालतं? आणि वजन पुढे-मागे किती ठेवू? ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

मधलं_इंजिन

भाऊ, मागचे विशबोन विसरा. सबफ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे), नकल (चाकाचा हब धरणारा भाग), स्ट्रट (स्प्रिंगसकट उभा शॉकअप), सगळं जसंच्या तसं एकत्र मागे न्या. गाड्या अशाच बनत आल्यात. जॉन कूपरने १९४६ मध्ये पहिली ५०० सीसी कूपर बनवली तेव्हा फियाट टोपोलिनोची दोन पुढची टोकं एकमेकांना जोडली होती, आणि मोटरसायकलचं जॅप कंपनीचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवलं कारण चेनने मागची चाकं फिरवायला ते सोयीचं पडत होतं. त्याच वाटेने पुढे कूपर कंपनीच्या गाडीत ब्रॅबहॅमने १९५९ आणि १९६० ची फॉर्म्युला वन चॅम्पियनशिप जिंकली. फियाट एक्स१/९ म्हणजे १२८ चं आडवं इंजिन-गिअरबॉक्स सीटमागे. पॉन्टियाक फिएरोच्या १९८४ ते ८७ च्या मॉडेलना मागे तर जीएमच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह एक्स-बॉडी गाड्यांचं पुढचंच सस्पेन्शन होतं, टायरॉड (चाक वळवणाऱ्या स्टेअरिंगच्या लिंक) मागच्या सबफ्रेमला पक्के केलेले.

फक्त एक बघा, युनिट उलटं फिरवू नका, इंजिनची जी बाजू पुढे होती ती पुढेच राहू द्या, नाहीतर चाकं उलटी फिरतील. आणि गिअर केबलवर चालणारा असेल तर काम बरंच सोपं होतं, कारण केबल वळवून पुढे आणता येतात, मात्र वळण मोठं द्या, घट्ट वळवली की गिअर जड पडतो.

खरी मेहनत टो-लिंकवर करा, म्हणजे चाकाचा टो (वरून बघितल्यावर चाक किती आत-बाहेर वळलंय) पक्का धरणाऱ्या दांड्यावर. पुढच्या नकलला स्टेअरिंग आर्म असतो, मागे नेल्यावर तो मोकळा राहिला तर मागची चाकं स्वतःच वळतील, म्हणून तिथून सबफ्रेमवर ॲडजस्ट होणारी लिंक द्यायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण लिंकचं आतलं टोक कुठे बसवायचं यावर कोणी फार डोकं लावत नाही आणि गाडी चांगली की वाईट ते तिथेच ठरतं. सुरुवात मूळ स्टेअरिंग रॅकचा आतला बॉल जॉइंट जिथे होता तिथून करा. मग स्प्रिंग काढा, जॅकने चाक वर-खाली ४० मिमी हलवा आणि टो किती बदलतो ते मोजा. बऱ्याच गाड्यांत पुढचं चाक वर जाताना थोडं टो-आउट (पुढची कड बाहेर) व्हावं असं मुद्दाम केलेलं असतं, त्याने गाडी वळणात सरळ जायला बघते आणि साध्या ड्रायव्हरसाठी ते सुरक्षित असतं. तीच भूमिती मागे आली की उलटा परिणाम, बाहेरचं मागचं चाक बाहेर बघायला लागतं आणि गाडी शेपूट काढते. म्हणून ब्रॅकेटला शिम (पातळ चकत्या) घालायची सोय ठेवा, आणि चाक वर जाताना टो शून्य किंवा अगदी किंचित टो-इन (पुढची कड आत) होईपर्यंत सोडू नका. ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी बोल्ट धरणारं पाहिजे, एकाच पत्र्यावर लटकणारं नको.

वजनाचं म्हणाल तर पुढे ४० ते ४५ टक्के येईल तसं बसवा, त्याच्या मागे फार धावू नका.

दुसरा_गिअर

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. तयार मिड-इंजिन गाडी शोधा. पहिली टोयोटा एमआर२, म्हणजे १९८४ पासूनची, किंवा एक्स१/९, अजूनही कुठे कुठे पडून असतात. ऑटोक्रॉसमध्ये कोनमधून एकावेळी एकच गाडी, बहुतेक वेळ दुसरा गिअर, आणि बऱ्याच ठिकाणी कोन पाडला की २ सेकंद वाढतात. तिथे वेळ कमी होतो तो ड्रायव्हरच्या सरावाने. गाडी बनवण्यात जे वीकएंड जातील त्यात किती रन झाले असते याचा विचार करा. अर्धवट प्रोजेक्ट मी खूप बघितलेत, फ्रेम उभी राहते, पुढचं काही होत नाही, आणि त्या माणसाला ड्रायव्हिंग खरंच आवडत असतं म्हणून वाईट वाटतं.

चौकोनी_पाइप

दुसरा_गिअर, राग कसला, बरोबर बोलताय. पण ज्या जुन्या गाड्या बजेटमध्ये येतात त्यांचाही गंज माझ्या हॅचबॅकसारखाच असतो, आणि त्या सगळ्या माझ्या आकड्यापेक्षा बऱ्याच जड. शिवाय मला बनवायचीच आहे हो, ते शिकायचंय. सराव म्हणून मित्राच्या गाडीत को-ड्राइव्ह चालू ठेवणार आहे.

मधलं_इंजिन, पटलं, मागे पूर्ण सबफ्रेम. आता पुढे विशबोन करणार, आणि त्यासाठी भंगारातून त्याच मॉडेलचे अजून दोन नकल आणायचे म्हणतोय म्हणजे चारही चाकांना हब आणि ब्रेक एकच. स्प्रिंग किती कडक घेऊ आणि ब्रेकचं काय करू ते कोणी सांगाल का?

कॅम्बर_ताई

चारही हब सारखे ही कल्पना चांगली आहे, स्पेअर एकच लागतो. पण पुढच्या हबमध्ये आता ड्राइव्हशाफ्ट नसणार, आणि असल्या बऱ्याच हबमध्ये बेअरिंग आवळून धरण्याचं काम ड्राइव्हशाफ्टचा मोठा नटच करतो. शाफ्ट काढून रिकामं ठेवलं तर बेअरिंग सुटतं, चाक हातात येईल. जुने बाहेरचे सीव्ही जॉइंट (ड्राइव्हशाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचे वळणारे सांधे) घ्या, शाफ्ट आणि आतल्या गोळ्या काढून टाका, नुसता दांडा हबमध्ये घालून नट पूर्ण टॉर्कला आवळा. मित्राचा लेथ आहे तर जॉइंटची वाटी छाटून वजनही कमी करता येईल.

स्प्रिंगसाठी अंदाजाने जाऊ नका, हिशोब सोपा आहे. ७०० किलो धरू, पुढे ४२ टक्के, म्हणजे पुढच्या एका चाकावर १४७ किलो, त्यातून चाक-हब-ब्रेकचे ३० गेले की ११७ स्प्रिंगवर. स्प्रिंगवर गाडी वर-खाली हलायची फ्रिक्वेन्सी सुरुवातीला २ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोनदा, धरा. चाकापाशी ताठपणा म्हणजे ४ गुणिले पाय (π) चा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सीचा वर्ग गुणिले वजन, तो येतो साधारण १८.५ न्यूटन प्रति मिमी. विशबोनवर शॉकअप तिरका बसतो, चाक १० मिमी हललं की तो समजा ७ मिमी दाबला जातो, म्हणून ०.७ च्या वर्गाने भागा, स्प्रिंग साधारण ३८ ची. मागे स्ट्रट आहे, तिथे हे प्रमाण जवळपास १ असतं, त्यामुळे तसंच गणित करून २७-२८ ची पुरते. बघा, मागे वजन जास्त असूनही स्प्रिंग नरम दिसते, म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंग आकडा कधी उचलू नये.

ब्रेकमध्ये लोक म्हणतात इंजिन मागे म्हणून ब्रेकही मागे जास्त. तसं नाही. गुरुत्वमध्य ४५ सेंमी उंच आणि व्हीलबेस २.३ मीटर धरला, १ जीने (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने) ब्रेक मारला तर १३७ किलो मागून पुढे सरकतात, म्हणजे त्या क्षणी पुढच्या चाकांवर ६० टक्क्यांच्या थोडं वरच असतं. हॅचबॅकचा मूळ व्हॉल्व्ह मागचा ब्रेक फारच कमी करतो, तो काढा. दोन वेगळे मास्टर सिलिंडर आणि बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारी दांडी) घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. बूस्टर नसेल तर पेडलचं प्रमाण ५ किंवा ६ ला १ तरी ठेवा. पहिल्यांदा ब्रेक सेट करताना पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत, मागची आधी लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते.

आणि मागे थोडं स्थिर टो-इन ठेवा. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की अशी गाडी पटकन शेपूट काढते, टो-इनने ती तुम्हाला सावरायला थोडा वेळ देते.

नट_बोल्ट

ताईंनी बहुतेक सगळं लिहिलंय, मी फक्त राहिलेलं. रेडिएटर पुढे ठेवणार असाल तर कूलंटचे पाइप लांब होतात आणि हवा अडकते, जिथे जिथे पाइप सगळ्यात उंच जातो तिथे हवा काढायचा स्क्रू द्या. ऑइल संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) आडवे पत्रे घाला, सततच्या वळणात ऑइल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडतो. पेट्रोलची टाकी इंजिनच्या बाजूला उघडी नको, मध्ये पूर्ण पत्र्याची फायरवॉल.

विशबोनच्या टोकाला रॉड-एंड (दांड्याच्या टोकाला गोळा असलेला सांधा) लावताना त्याच्या दांड्यावर वाकवणारा जोर येणार नाही असं बघा, विशेषतः खालच्या आर्मला. तुटतो तो तिथेच. मेन हूप (ड्रायव्हरच्या मागची संरक्षक कमान) हेल्मेटच्या वर किमान ५० मिमी पाहिजे आणि पाइपची जाडी तुम्ही जिथे धावणार त्यांच्या नियमपुस्तकातून घ्या, फ्रेमचा पहिला टाका मारायच्या आधी, नंतर नाही.

इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), किल्ली, इमोबिलायझर, वायरिंग हे त्याच एका गाडीचं पूर्ण ठेवा. वायर कापू नका, आधी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा. दरवाजे, सीट, काचा विकून जे येईल ते टायरला घाला.

चौकोनी_पाइप

खूप खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः सीव्ही जॉइंटचं, ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणजे आता हॅचबॅक उघडायला घेतो.

मधलं_इंजिन

थांबा, उघडायच्या आधी एक काम. गाडी चाकांवर उभी आहे तोवर सपाट जमिनीवर घ्या, हवा बरोबर भरा, आणि जमिनीपासून सगळी मापं लिहून ठेवा: स्ट्रटचा वरचा बोल्ट, खालच्या आर्मचे दोन्ही पिव्हट, रॅकचा आतला जॉइंट, ड्राइव्हशाफ्ट आतून बाहेर किती उतरतो, आणि दोन स्ट्रट टॉपमधलं अंतर. ही मापं नवीन फ्रेममध्ये जशीच्या तशी यायला हवीत, आणि सबफ्रेम एकदा खाली उतरलं की स्ट्रट टॉप नेमका कुठे होता हे कुठूनच कळत नाही. ओळंबा सोडून मधली रेषा जमिनीवर खडूने मारा, सगळं तिथून मोजा. मापं झाली की इथे टाका, ब्रॅकेटची जागा मिळून काढू.