लिव्हर डिटॉक्स काढा?? (सोसायटी ग्रुप)

पाटील काका ए-३०४: फॉरवर्ड आलाय 🙏 गुळवेल हळद आल्याचा काढा २१ दिवस उपाशीपोटी, लिव्हर एकदम साफ. आरोग्य तपासणी कॅम्पमध्ये बऱ्याच जणांना फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी) निघालं म्हणून टाकतोय

मेघना सी-७०३: काका प्लीज नको, गुळवेलीने लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही हेही खरं, पण आधीच बिघडलेल्या लिव्हरवर प्रयोग कशाला

शिरीष बी-२०१: मी दारूच्या थेंबाला शिवत नाही तरी फॅटी लिव्हर ग्रेड टू?? घरी संशय घेतायत 😂

मेघना: दारू न पिणाऱ्यांनाही होतं हो, पोट, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढली की चरबी तिथे साठते. वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर सूज पण कमी होते, म्हणजे तुम्ही ८० किलो असाल तर ६-८ किलो. तळजाई टेकडीवर फिरायला जाता ते चांगलंय पण येताना वडापाव नको

शिरीष: वडापाव नसतो, मिसळ असते

देशमुख काकू ए-१०२: मेघना, माझं एसजीपीटी, ती लिव्हरची रक्ताची टेस्ट, नॉर्मल आलंय गं, म्हणजे सुटले ना मी?

मेघना: नाही ना काकू, एसजीपीटी नॉर्मल असून फॅटी लिव्हर असतं, कधी कधी सिऱ्होसिसमध्ये (लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होतं तेव्हा) सुद्धा नॉर्मल येतं. तुम्हाला शुगर आहे तर डॉक्टरांना फिब-फोर स्कोर काढायला सांगा, लिव्हर कडक झालंय का याचा अंदाज येतो, वय आणि रक्तातले एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट एवढ्यावर निघतो. जास्त आला तर फायब्रोस्कॅन, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते कळतं, सुई वगैरे काही नाही

पाटील काका: ते ठीक, पण आमच्या गावी काविळीला माळ घालायचे, माळ लांबेल तशी कावीळ उतरते, डोळ्यांनी बघितलंय

मेघना: माळेतल्या काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो, म्हणून लांबते. आणि हेपॅटायटिस ए, ई, म्हणजे व्हायरसची कावीळ, बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, श्रेय माळेला. पण गरोदर बाईला ई झाला तर जिवावर बेततं, आणि कावीळवाला बरळायला लागला किंवा रक्ताची उलटी झाली तर माळ न शोधता थेट हॉस्पिटल

शिरीष: ए आणि ई घाण पाण्यातूनच येतो ना? मग आपल्या टँकरच्या पाण्याचं काय? टाकी कधी धुतली शेवटची?

सेक्रेटरी: रविवारी धुतोय, ९ ते १ पाणी नाही, भरून ठेवा. काका तो फॉरवर्ड डिलीट करा, डी विंगच्या ग्रुपवर पण गेलाय

पाटील काका: तिकडे मी नाही टाकला